नव्वद मिनिटांचं लग्न

माझ्या धाकट्या बहिणीचं, बेबीचं, लग्न हिंगोलीला आमच्या घरी ७९ मिनिटांत संपायचं. तिच्या सासरी, वाशिमला, तेच लग्न ८२ मिनिटं चालायचं. आणि पुण्याला मामांकडे तर ते लागलंच नाही.

वाचकांचा भलताच गैरसमज होण्याआधी सांगतो, की मी लग्नाच्या सीडीबद्दल बोलतो आहे. खरं लग्न मे २००३ मध्ये व्यवस्थित लागलं, वऱ्हाडी जेवले, दोन स्टीलच्या बादल्या हरवल्या, सगळं रीतीप्रमाणे झालं. भानगड झाली ती चकतीची, आणि त्या भानगडीचं मूळ आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, काटकसरीत आहे.

अण्णा मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. कागदाच्या समासातसुद्धा बेरीज मांडता येते, हे त्यांच्या आयुष्याचं तत्त्व. व्हिडिओवाला सुपारी घ्यायला घरी आला तेव्हा म्हणाला, "अण्णा, दोन सीड्या होतील. एकीत ऐंशीच मिनिटं बसतात. दुसरीचे साठ रुपये जास्तीचे."

"एकीत बसवा," अण्णा म्हणाले.

"बसत नाही हो. लग्न काय लहान आहे का?"

"मग मोठी सीडी आणा."

अण्णांना वाटलं, जागच्या जागी तोंड बंद केलं. पण तो पठ्ठ्या जरा विचार करून म्हणाला, "मिळती म्हणा. नांदेडला नव्वदवाली आलीय." झालं. साठ रुपये वाचले. अण्णांनी रात्री जेवताना दोनदा सांगितलं.

ही नव्वदवाली काय चीज असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पडलो कॉमर्सचा माणूस. १९९९ साली बी. कॉम. झालो. त्याच वर्षी १ मेला परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. त्यानंतर दोघांचंही फारसं काही झालेलं नाही, असं आमचे एक मित्र म्हणतात. पुढे बँकेत चिकटलो. माझा संबंध लेजरशी, लेसरशी नव्हे. पण त्या एका चकतीपायी गेल्या वीस वर्षांत जे वाचलं, विचारलं आणि लोकांचं डोकं खाल्लं, त्यातून ह्या विषयाचा इतिहास माझ्या खात्यावर बराच जमा झाला आहे. तो आज वाचकांच्या नावे टाकतो.

तसं पाहिलं तर एकाची वस्तू दुसऱ्याच्या यंत्रावर न चालणं हिंगोलीकरांना कुणी शिकवायला नको. आमच्या गावावरून जाणारी पूर्णा-अकोला लाईन मीटर गेज होती, रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर. नव्वदच्या दशकात मनमाडकडून येणारी लाईन रुंद झाली, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. मग पूर्णेला काय व्हायचं? मुंबईहून आलेला माणूस ट्रंक, वळकटी, पोरंबाळं घेऊन एका गाडीतून उतरायचा आणि दुसरीत चढायचा. डबे दोन्ही चांगले, इंजिनं दोन्ही चांगली, पण ह्याची चाकं त्याच्या रुळांवर बसत नाहीत. २००८ साली आमची लाईनही रुंद झाली आणि पूर्णेच्या हमालांचं एक उत्पन्न बुडालं. तर सांगायचं असं, की चकती म्हणजे गाडी आणि प्लेअर म्हणजे रूळ. आमच्या अण्णांनी डब्यात आठ माणसं जास्तीची कोंबली होती.

आणि ही कोंबाकोंबी अण्णांपासून सुरू झालेली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आवाज साठवायची कला निघाली त्या दिवसापासून माणूस ती भांडणं भांडतो आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला तो नळकांड्यावर चालणारा. दहा वर्षांनी एमिल बर्लिनरने सपाट तबकडी काढली. नळकांडं तबकडीच्या यंत्रावर चालेना, तबकडी नळकांड्याच्या यंत्रावर चालेना. पूर्णा जंक्शन तिथूनच सुरू! १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीची माणसं कलकत्त्याला आली आणि गौहरजानबाईंची तबकडी झाली. वेळ किती? तीनेक मिनिटं. त्यात शेवटी बाईंनी इंग्रजीत स्वतःचं नावही सांगायचं. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब बैठकीत एकेक राग निवांत फुलवणारे, पण तबकडीत त्यांनाही तीन-साडेतीन मिनिटांत आटपावं लागलं. बालगंधर्वांच्या पदाला नाटकात वन्समोअरवर वन्समोअर मिळत. तबकडीवर वन्समोअर हवा असेल तर श्रोत्यानेच उठून किल्ली द्यायची.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेणारी बारीक खाचांची एल. पी. काढली. एका बाजूला वीस मिनिटांच्या वर. लोक खूष. लगेच दुसऱ्या वर्षी आर. सी. ए. व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी काढली आणि तिला मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलं. आता घरात ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आहेतच. म्हणजे तीन वेग, दोन भोकं आणि दोन जाडीच्या सुया. एल. पी.वर ७८ची सुई ठेवली की तबकडी नांगरली जायची. ७८च्या वेगावर एल. पी. लावली की भारदस्त गवई उंदरासारखा चिरकायचा. शेवटी सगळे वेग असलेली यंत्रं निघाली तेव्हा भांडण मिटलं.

कॅसेटचं तर आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. फिलिप्सने १९६३ साली काढलेली कॅसेट आमच्याकडे पोचली तेव्हा साठ मिनिटांची आणि नव्वद मिनिटांची अशी मिळायची. एकदा मला कुठूनशी १२० मिनिटांची मिळाली. तीवर मी नर्सीला, नामदेवांच्या गावी, झालेलं एक कीर्तन भरलं. बाहेरचा डबा तेवढाच, मग दुप्पट फीत मावते कशी? साधं आहे, फीत पातळ करायची. १२०च्या कॅसेटची फीत ६०च्या फितीच्या जवळजवळ निम्मी जाड असते. बुवांचा पूर्वरंग छान वाजला. उत्तररंगात आमच्या टेपरेकॉर्डरने फीत खायला सुरुवात केली. मी ती पेन्सिल घालून गुंडाळत असताना अण्णा म्हणाले होते, "दोन तासांची घ्यायची कामून?" वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. अण्णांनी ठेवलं नाही.

आता सीडी. ही फिलिप्स आणि सोनी ह्या दोन कंपन्यांनी मिळून काढली. १९८० मध्ये नियमांचं पुस्तक ठरलं, आणि १९८२च्या ऑक्टोबरात जपानमध्ये प्लेअर दुकानात आला. भांडणाला कंटाळलेल्या जगात दोन कंपन्या एका मापावर सही करतात, ही मला हिशेबनिसाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट वाटते. माप ठरलं १२ सेंटिमीटर आणि ७४ मिनिटं. चौऱ्याहत्तरच का? ह्याची एक गोष्ट सांगतात, की बेथोवेनची नववी सिंफनी एका चकतीत मावली पाहिजे असा आग्रह होता, आणि फुर्टव्हेंग्लरने १९५१ साली बायरॉइटला वाजवून घेतलेली ती सिंफनी तेवढी लांब होती. त्या कामात असलेले फिलिप्सचे इंजिनियर इमिंक ह्यांनी ह्या गोष्टीवर शंका घेतली आहे. त्यांच्या मते ह्यामागे कंपन्यांचे धंद्याचे हिशेब होते. मला गोष्ट आवडते आणि पटतो मात्र इंजिनियर. पण समजा, मापाला सिंफनीऐवजी आमच्याकडचं लग्न धरलं असतं, तर चकती पराती एवढी झाली असती.

ह्या चकतीत आतून बाहेर जाणारी एकच वळणदार वाट असते. उदबत्तीच्या कॉइलसारखी, फक्त वेढे वीस हजारांवर. सोडवून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन; केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे मावतात. नियमाच्या पुस्तकात ह्या अंतराला ०.१ इकडे-तिकडे चालेल अशी सवलत आहे. हिशेबात सवलत दिसली की माणूस ती वापरतोच. पुढे घरी भरता येणाऱ्या कोऱ्या चकत्या निघाल्या तेव्हा कुणीतरी अंतर १.५ केलं, फिरण्याचा वेगही चालेल तितका कमी धरला, आणि ७४ची ८० मिनिटं झाली. हे कायद्यात बसत होतं, अगदी काठावर. मग त्याहून लोभी माणसांनी वेढे आणखी जवळ आणून ९० आणि पुढे ९९ मिनिटांच्याही चकत्या काढल्या. ह्या कायद्याबाहेरच्या.

आणि त्यातली गंमत ऐका. कोऱ्या चकतीच्या अंगावर कारखान्यातच तिचं माप कोरलेलं असतं. ते वाचून भरणारं यंत्र किती मजकूर घ्यायचा ते ठरवतं. पण ह्या नोंदीच्या पद्धतीत ८० मिनिटांपलीकडचं माप लिहायची सोयच ठेवलेली नाही. त्यामुळे नव्वदची चकतीसुद्धा आपलं माप ७९ मिनिटं ५९ सेकंद एवढंच सांगते! आमच्या बँकेत केवायसीचे कागद तपासताना अर्ध्या तालुक्याचा जन्म १ जूनचा निघतो, तशातला प्रकार. मास्तरांनी शाळेत घालताना जी तारीख टाकली ती टाकली. पुढे माणूस कितीही वाढो. तेव्हा व्हिडिओवाल्याने काय केलं असेल, तर कॉम्प्युटरने "माल जास्त होतोय" म्हणून दिलेली सूचना बाजूला सारून चकती दाखल्यापेक्षा मोठी आहे असं धरून चालला. ह्याला त्यांच्यात ओव्हरबर्न म्हणतात. आमच्यात ओव्हरड्राफ्ट म्हणतात, आणि त्याला मॅनेजरची सही लागते.

तर बेबीचं लग्न ८८ मिनिटांचं झालं. मी एकदा घड्याळ लावून खतावणी केली आहे. देवक आणि हळद ११, सीमांतपूजन ९, वरात आणि तीत नाचणारे १४, मंगलाष्टका आणि अक्षता १६, आहेर १७ (तांब्या देणाराही सीडीत दिसला पाहिजे), पंगती ११, पाठवणी १०. वेढे आतून बाहेर जातात हे मघाशी सांगितलं. म्हणजे देवक मधल्या भोकाजवळ, पोटातल्या पाण्यासारखं सुरक्षित, आणि पाठवणी पार कडेला, टपावर बसलेल्या प्रवाशासारखी.

सीडी घ्यायला मी दुकानात गेलो तेव्हा व्हिडिओवाल्याने ती त्याच्या बिनझाकणाच्या चिनी प्लेअरवर लावून दाखवली. अक्षता पडताहेत तोवर भारनियमनाची वेळ झाली आणि लाईट गेली. "माझ्याकडं शेवटपर्यंत चालती," तो म्हणाला. हे तो खरं बोलत होता. पण त्याच्याकडे चालून आम्हाला काय उपयोग?

आमच्या घरचा प्लेअर चांगल्या नावाचा, पगारातून हप्त्याने घेतलेला. ७८ मिनिटं सुरळीत. पाठवणी सुरू झाली, बेबी आजीच्या गळ्यात पडली, आणि ७९च्या पुढे आजी जी थिजली ती थिजलीच. वाशिमच्या पाहुण्यांचा प्लेअर जरा धीट होता. तिथे बेबी आजीला सोडून आईला भेटली, पुढे झाली, अण्णांच्या पाया पडायला वाकली, अण्णांचा हात थोडा वर आला, आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. पुण्याच्या मामांनी तर भारीतला डीव्हीडी प्लेअर घेतलेला; त्याने चकती आत घेतली, चाटून पाहिली आणि "डिस्क नाही" असं सांगून परत दिली. मामांना तो आमचा अपमान वाटला की स्वतःचा, हे कळलं नाही.

कारणं पुढे समजली. मामांच्या प्लेअरचा प्रश्न मिनिटांचा नव्हताच. घरी भरायच्या चकतीत रंगाचा थर असतो, तो ७८० नॅनोमीटरच्या लेसरसाठी केलेला. डीव्हीडीचा लेसर ६५०चा, लाल. त्या उजेडाला हा थर आरशासारखा दिसतच नाही. पुढच्या प्लेअरांत दोन लेसर बसवले तेव्हा ही अडचण गेली; मामांनी घाई केली होती. बाकीच्यांत प्रत्येकाचं दुखणं वेगळं. कुणाच्या लेसरला इतके जवळचे वेढे वेगळे ओळखता येत नाहीत, तो शेजारच्या गल्लीत शिरतो. कुणाची लेसर वाहणारी गाडी कडेला पोचायच्या आधीच थांब्याला टेकते. आणि कुणी मिनिटांच्या खान्यात ८०च्या पुढचा आकडा दिसला की आमच्या हेडकॅशियरसारखा "असं होऊच शकत नाही" म्हणून काम थांबवतो. स्वस्त चिनी प्लेअर मात्र जे समोर येईल ते वाचायचे. १९९३ साली व्हीसीडीचे नियम ठरवले जपानी आणि डच कंपन्यांनी. घरोघर वापरली ती चीनने, आणि तिथल्या कारखान्यांनी प्लेअर बनवले ते बऱ्यावाईट, चोरीमारीच्या सगळ्या चकत्या चालाव्यात म्हणून. ज्याचं नाव नाही त्याला नावाची भीतीही नाही.

मी अण्णांना म्हणालो, व्हिडिओवाल्याकडून दोन सीड्यांत करून घेऊ. चौकशी केली तर त्याने कॅमेऱ्याची मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरून टाकलेली. अण्णा म्हणाले, "राहू दे. शेवट माहीत आहे की आपल्याला. गेली ती सासरी."

विषय मिटला. २०११ साली अण्णा गेले.

मग एक वाद सुरू झाला, तो आमच्या घरात अजून दर दिवाळीला होत असे. पाठवणीच्या वेळी अण्णा रडले का? आई म्हणते, ढसाढसा रडले. बेबी म्हणते, तिला काही आठवत नाही, तिची तीच रडत होती. पण अण्णा तिच्याशी काहीतरी बोलले. मी तिथे नव्हतोच, मी टेंपोत भांडी मोजत होतो (दोन बादल्या कमी). आणि मला मनातून वाटे, की अण्णा रडणाऱ्यातले नाहीत. त्यांना हलताना-बोलताना पाहायचं तर एवढी एकच चकती. आहेरात ते दोनदा दिसतात, पण पाठमोरे. हात वर झालेला आणि पुढे चौकोन, हे त्यांचं आमच्याकडचं शेवटचं चालतं चित्र. कॉम्प्युटरवर उतरवायचा प्रयत्न केला; फाईल शेवटाजवळ अडली की कॉम्प्युटर आधीचं उतरवलेलंही टाकून देई. वर त्या रंगाच्या थराला वयही असतं. उन्हाने, उष्म्याने तो फिकट होत जातो, आणि हिंगोलीचा मे महिना काही लपलेला नाही.

गेल्या वर्षी बेबीची मुलगी हट्टाला पेटली. तिने आजोबांना बोलताना कधी पाहिलेलं नाही. तिच्याकडे चकती आहे, पण ती घालायला भोक असलेली एकही वस्तू वाशिमच्या घरात उरलेली नाही. कुणीतरी सांगितलं, वसमतला एक दुरुस्तीवाला जुनी यंत्रं सांभाळून आहे. मी रजा टाकली, भाची आणि चकती घेऊन एस. टी.त बसलो. वाटेत औंढा लागलं. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो नावाची प्रयोगशाळा व्हायची आहे; २०२३ साली सरकारने मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन बोगद्यांतून लेसर सोडायचा आणि प्रोटॉनहूनही कितीतरी लहान अंतर मोजायचं, असं भाचीने मला समजावलं. माझ्या मनात आलं, ह्यांना विचारावं का, आमची एवढी चकती बघता का म्हणून.

दुरुस्तीवाल्याने माळ्यावरून तसलाच बिननावाचा चिनी प्लेअर काढला. लेन्स कापसाने पुसली, खालचा बारका स्क्रू अर्ध्या रतीने फिरवला, चकती उजेडाकडे धरून "लई जवळचे वेढे हायेत" असं डॉक्टरच्या आवाजात म्हणाला. आम्ही थेट पंगतीपासून लावलं. ७९ गेलं. ८२ला चौकोन आले, मी डोळे मिटले, उघडले तर अण्णा. हात बेबीच्या डोक्यावर टेकला होता. वर लावलेलं सिनेमातलं पाठवणीचं गाणं तिथे संपलं होतं आणि खालचा मूळ आवाज उघडा पडला होता. अण्णांनी बेबीला काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. मग त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"बास करा आता. एका सीडीत बसायचंय."

व्हिडिओवाल्याने बास केलं नाही. अण्णा पाठ फिरवून मांडवाच्या खांबाकडे गेले, उपरण्याचं टोक तोंडाकडे नेलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. घाम पुसत होते की काय, ते पाठीवरून कळत नाही. पुढची पाच मिनिटं टेंपो, फुगे आणि मागे धावणारं एक कुत्रं आहे.

भाचीने सगळं मोबाइलवर घेतलं. त्यात दुरुस्तीवाल्याच्या पंख्याचाही आवाज आला आहे. रात्री तिने आईला ते दाखवलं. आई म्हणाली, "बघ, मी काय म्हणत होते?" बेबीला फोनवर विचारलं, अण्णा तुला काय बोलले ते आता तरी आठवतं का? तिने ते तिघाचौघा वेळा लावून पाहिलं. म्हणाली, "पाकीट नीट ठेवलं का, असं विचारत होते."

प्लेअर मी विकत घेऊन आलो. दुरुस्तीवाल्याने चारशे सांगितले. दीडशेच्या वर त्याची किंमत नव्हती. मी चारशे दिले, पावतीही मागितली नाही, आणि परतीच्या एस. टी.त तो मांडीवर घेऊन बसलो. औंढा गेल्यावर आठवलं, की रिमोट मागायचा राहिला.